चिंगीची नोंद

चिंगी गेली त्याला परवा महिना झाला. नात्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक आहे, आणि "पाल खाल्ली असेल" हे कारणही ठाऊक आहे. ते कारण चुकीचं आहे. पण ते जरा पुढे सांगतो.

ती गेल्यावर मी एक विचित्र उद्योग केला. मेलेल्या मांजरासाठी आपल्याकडे कोणी काही केल्याची नोंद सापडते का, ते शोधत बसलो. दुःख झालं की माणसं देवळात जातात, मी पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. असो.

कुत्र्याची नोंद लगेच सापडली. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला. ग्रँट डफ लिहितो की महाराजांनी त्याला रीतसर सनदा काढून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा तर त्याला जरीचे कपडे आणि जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि नंतर ती पुन्हा कधी घातली नाही. डफसाहेबाला हा सगळा लहरीपणा वाटला. खंड्याची समाधी संगम माहुलीला आहे. ज्या शाहूंच्या सनदांच्या जोरावर आमचे रघूजी भोसले वऱ्हाडापासून बंगालपर्यंत धडकले, त्यांच्याच दफ्तरातून एका कुत्र्यालाही सनद मिळाली होती! हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिकडे जुन्नर तालुक्यात आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. रायगडावरच्या वाघ्याला मात्र मी यादीत घेतलं नाही. ती समाधी १९३६ सालची, आणि त्या कुत्र्याला शिवकाळातला पुरावा नाही. पुराव्याशिवाय मी बोलत नाही असा माझा घरात लौकिक आहे. (आई त्यासाठी वेगळा शब्द वापरते.)

मांजर कुठेच नाही. मग लक्षात आलं की खंड्यानं राजाचा जीव वाचवला, रेड्यानं वेद म्हटले. चिंगीनं काय केलं? सात वर्षं आमच्या शिवणाच्या मशीनवर झोपली. दोनदा उंदीर पकडला, त्यातला एक सोडून दिला.

आम्ही राहतो ते महालात, बडकस चौकापासून चार पावलांवर. रोज भोसल्यांच्या वाड्यावरून जाणं-येणं. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. त्यानंतर वाड्यातली जनावरं बाहेर काढून सीताबर्डीवर त्यांचा लिलाव झाला. हत्ती, उंट, घोडे, बैल कवडीमोल भावानं गेले. म्हाताऱ्या बांकाबाईनं वाडा पेटवून देण्याची धमकी दिली होती, असं जॉन केच्या १८५७ वरच्या ग्रंथात आहे. तिला राग किमतीचा आला असेल असं मला वाटत नाही. ज्या हत्तीला आपण नावानं हाक मारली, त्यावर कोणीतरी परका बोली लावून राहिला आहे, हे ऐकणं कसं असेल?

वाड्यात कोठ्या होत्या, म्हणजे धान्य होतं, म्हणजे उंदीर होते, म्हणजे मांजरंही असणारच. (हा माझा अंदाज, पुरावा नाही.) त्यांच्यावर कोणी बोली लावली नसणार. लिलाव झाला त्या रात्रीही ती कोठीतच झोपली असतील.

मांजराचाही लिलाव झाला, पण दुसरीकडे. हिरोडोटस सांगतो की इजिप्तमध्ये घरचं मांजर मेलं तर घरातले सगळे भुवया काढून टाकत. ही मांजरं ममी करून पुरत. १८८८ मध्ये बेनी हसनजवळ अशा ममींचा प्रचंड साठा सापडला, आणि १८९० मध्ये त्यातल्या सुमारे एकोणीस टन ममी लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकल्या. कोणीतरी भुवया काढून निरोप दिलेली मांजरं, शेवटी इंग्लंडच्या शेतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन द्यावं लागतं म्हणतात. मनुस्मृतीतही मांजर मारल्याचं प्रायश्चित्त आहे. म्हणजे मारल्याचं प्रायश्चित्त आहे, मेल्याचं सुतक नाही. रडायचं असेल तर आधी मारायला हवं!

इथेच माझा हात थांबला होता.

त्या रात्री चिंगीचं अंग तापलं होतं. आई म्हणाली, "सकाळी डॉक्टरकडे नेऊ न, आता झोप." ती झोपायला गेल्यावर मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चुरून चमच्यानं पाजली. लहान पोराला देतात, मांजराला काय होते, असा हिशोब. मांजराच्या यकृताला हे औषध पचवताच येत नाही. त्याचं विष होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी होतात, रक्त तपकिरी पडतं. मोठ्या मांजराला एक गोळी मारू शकते, लहान चणीच्या मांजराला अर्धीही पुरते. सकाळी तिचं तोंड सुजलं होतं आणि हिरड्या मातकट झाल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही दिलं का?" आई बाहेर टोपली धरून उभी होती. मी हळूच हो म्हटलं. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. त्यांनी दिला. संध्याकाळी पाचला ती गेली.

अंगणात प्राजक्ताखाली पुरली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय खाल्लं होतं बाप्पा?" आई म्हणाली, "पाल खाल्ली असंन." मी खड्ड्यावर माती लोटत होतो. काही बोललो नाही. तीच नोंद मग सगळ्यांकडे फोननं गेली.

ताई हे वाचेल आणि आईला सांगेल, म्हणून आज रात्री जेवणं झाली की मीच सांगणार आहे. आई सध्या रोज दिवेलागणीला झाडू घेऊन देवघरामागच्या पाली हाकलते. आत्ताही तिचा तोच आवाज येतो आहे.