गावाचा ठराव आणि खाणीचा परवाना

आपल्याला पंचगंगा भेटते ती घाटावर. परंतु तिचे पाणी साठते ते राधानगरी-शाहूवाडीकडच्या डोंगरमाथ्यांवर. त्या माथ्यांना आपण सडा म्हणतो. सड्यावरचा जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढे झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. त्याच सड्यावर बॉक्साइट असते व त्यापासून अ‍ॅल्युमिनियम होते. म्हणजे गावाचे पाणी आणि कंपनीचा माल एकाच जागी! तंट्याचे मूळ हे आहे.

या तंट्यात ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे? खाणींचा कायदा १९५७ चा. पट्टा सरकार देते. प्रदूषणाचे कायदे १९७४ आणि १९८६ चे. त्यांचा अंमल मंडळाने व सरकारने करावयाचा. २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणी ठरली, तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे वा त्यांच्या वरिष्ठ प्रतिनिधीकडे. गावाने बोलावे, वरच्यांनी ठरवावे! अटी मोडल्या तर पंचायतीने अर्ज करावा आणि वाट पाहावी. गावाला तोंड दिले, हात दिला नाही.

सिंधुदुर्गाकडे पाहा. २०१० साली नेमलेल्या माधव गाडगीळ समितीसमोर सावंतवाडी-दोडामार्ग भागातील पंचवीस गावांचे ग्रामसभांचे ठराव आले : आमचा मुलूख संवेदनशील जाहीर करा. समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तो बासनात राहिला. जुलै २०२१ मध्ये कळणे येथील खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचे पाणी वस्तीत शिरले. गावकऱ्यांची भीती पोकळ नव्हती.

उलट ओडिशातील नियमगिरी. तेथे वनहक्क कायद्याचा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला. बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला आणि खाण झाली नाही. अधिकार दिला तर अडाणी समजली जाणारी माणसेही तो जबाबदारीने वापरतात.

आता आमच्या घरचे दुखणे सांगतो. शाळा आम्हांला थोडी लाभली. जे शिकलो ते कामगारांच्या सभांत. एका जनसुनावणीला आम्ही गेलो होतो. मंडपात एकीकडे शेतकरी, दुसरीकडे खाणीवरचे मजूर. दोन्ही बाजूंना एकाच घरातले भाऊ बसले होते! मजुरांना सांगण्यात आले होते, “हे लोक तुमची भाकरी हिरावतात.” त्या दिवशी आम्हीही मजुरांच्या बाजूने हात वर केला. त्याची टोचणी अजून आहे.

कारण भाकरी कोणी हिरावली, हे गोव्याने दाखवून दिले. तेथे वर्षानुवर्षे नियमांकडे डोळेझाक झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला. त्याच महिन्यात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती. २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले अठ्ठ्याऐंशी पट्टेही रद्द झाले. मधल्या काळात नफा मालकांनी घेतला; बंदी आली तेव्हा मजूर, ट्रकवाले आणि बार्जवाले घरी बसले. वेळच्या वेळी घातलेला दंड मालकाच्या खिशातून जातो. वरातीमागून आलेली बंदी मजुराच्या ताटातून जाते.

म्हणून पंचायत आणि संघटना यांनी एका बाकावर बसले पाहिजे. परवान्याच्या अटी मराठीत पंचायतीच्या फलकावर लागाव्यात. पाहणीच्या वेळी सरपंच आणि कामगारांचा एक माणूस हजर असावा, आणि अट मोडली तर काम थांबविण्याची शिफारस करण्याचा व तिचे उत्तर ठराविक मुदतीत मिळविण्याचा हक्क ग्रामसभेस असावा. आम्ही खाणीचे शत्रू नाही. पण खाण संपल्यावरही मजुराला त्याच गावात राहायचे असते आणि त्याच झऱ्याचे पाणी प्यायचे असते, एवढे मात्र आम्ही आता विसरणार नाही.