आस्कंदाची कुळकथा

बार्शी कसब्याच्या शिवेवरील पडीक रानात, जुन्या वाड्यांच्या ढासळलेल्या भिंतींच्या कडेस आणि उकिरड्यांच्या आसपास, जेथे बाकीचा झाडोरा चैत्र-वैशाखात करपून जातो तेथेही, कंबरभर उंचीचे आणि करड्या-हिरव्या पानांचे एक झुडूप तग धरून असते. त्यास लोक ढोरगुंज म्हणतात, वैद्य आस्कंद म्हणतात, आणि ग्रंथांत त्याचे नाव अश्वगंधा. पानांच्या बेचक्यात हिरवट-पिवळी, सहज नजरेत न भरणारी फुले झुपक्याने येतात. फूल सरले की त्याखालचा हिरवा पेला फुगून त्याची पातळ पापुद्र्याची पिशवी होते, आणि तिच्या आत गुंजेएवढे तांबडे फळ पिकते. मूळ खणून ओलेपणीच चुरडले तर घोड्याच्या अंगाचा उग्र दर्प येतो. सोलापुराच्या दक्षिणेस, कानडी मुलखात, यासच हिरेमद्दु, म्हणजे थोर औषध, अशी संज्ञा आहे.

मन थाऱ्यावर नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडते अशी तक्रार कोणी केली की हल्ली शेजारीपाजारीही अश्वगंधेची शिफारस करतात, आणि ती शिफारस इतकी सरसकट झाली आहे की हे मूळ प्राचीन काळापासून याच कामी नेमलेले असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. ग्रंथांचे दप्तर उघडले असता मात्र निराळी हकीकत हाती येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधांचे दहा-दहांचे पन्नास गण सांगितले आहेत, त्यांत अश्वगंधा येते ती बल्य आणि बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या व अंग भरून आणणाऱ्या गणांत. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप हरवलेल्या माणसासाठी अभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, मनास रुचणारे गंध व शब्द, सुखकर शय्या असे उपाय दिले आहेत, आणि त्यांत अश्वगंधेचे नाव नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिला वातकफनाशक, बलवर्धक आणि रसायन म्हटले, क्षय व सूज यांवर तिची योजना सांगितली. निद्रेचा उल्लेख तेथेही नाही.

या सर्वांत वाग्भटाचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, रसायनाच्या अध्यायात, तो सांगतो की पंधरा दिवस दुधाबरोबर, तुपाबरोबर, तेलाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबर घेतलेली अश्वगंधा कृश देहास जी पुष्टी देते ती कोवळ्या पिकास चांगल्या पावसाने मिळावी तशी असते. बार्शीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जेथे ज्वारी-तुरीचे वर्षभराचे गणित एखाददुसऱ्या सरीवर अवलंबून असते, ही उपमा कोणास समजावून सांगावी लागत नाही; वेळेवर पाऊस झाला म्हणजे पीक मान वर काढते आणि धन्याची हरवलेली झोपही त्याच रात्री परत येते. आस्कंदाचे कार्य नेमके या क्रमाने चालते अशी माझी धारणा आहे: आधी झिजलेल्या देहास आधार, आणि त्या आधाराने मागाहून मनास स्वास्थ्य. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत किंवा थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या दुधात आस्कंदाचे चूर्ण घालण्याची जी वहिवाट काही घरांत अद्याप चालू आहे, ती याच बल्य गुणावर विसंबून आहे.

मग मनोविकारांशी या मुळाचा संबंध जडला कोठून? आपल्याकडील एक धागा बंगालच्या गोविंददास सेनांनी संकलित केलेल्या भैषज्यरत्नावलीत सापडतो. तेथे अश्वगंधारिष्टाचा पाठ मूर्च्छेच्या अधिकारात दिलेला असून अपस्मार व उन्माद यांवर त्याची योजना सांगितली आहे, तथापि त्याच फलश्रुतीत कृशता, मूळव्याध आणि अग्निमांद्य हेही आहेत. दुसरा धागा युरोपातून येतो. हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठीही रानटी वाढते, आणि १७५३ साली लिनियसाने त्याचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा त्यास सोम्निफेरा, म्हणजे झोप आणणारी, हे विशेषण लावले. १८५२ साली ड्युनाल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची प्रजाती बदलून विथानिया केली, तरी विशेषण कायम राहिले.

येथे सर्पगंधेची आठवण करणे अवश्य आहे, कारण मनास थेट शांत करणारे मूळ म्हणून जगभर कीर्ती पावले ते सर्पगंधेचे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले, १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, जे लवकरच मनोरुग्णालयांतून वापरात आले. परंतु ज्या द्रव्याने क्षोभ शमत असे त्याच द्रव्याने कित्येक रुग्णांस घोर उदासीनता येते असेही दिसून आले, आणि अधिक सोयीची औषधे निघताच त्याचा अंमल ओसरला.

आस्कंदास नवे पद मिळाले ते मात्र निराळ्या वाटेने. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी देहावरील ताणाची मीमांसा मांडली, १९४७ साली सोव्हिएत रशियातील लाझारेव्ह यांनी देहाची सोसण्याची शक्ती वाढवणाऱ्या द्रव्यांसाठी ॲडॅप्टोजेन ही संज्ञा योजली, आणि पुढे त्या वर्गात अश्वगंधेची गणना होऊ लागली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ताणाने त्रासलेल्या ६४ व्यक्तींपैकी निम्म्यांस ६० दिवस, रोज दोन वेळा, ३०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिला गेला. औषधहीन गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेने त्यांचा ताण व रक्तातील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक उतरल्याचे आढळले. इतक्या थोड्या माणसांवरून निकाल देता येत नाही, परंतु या अभ्यासाची दिशा आश्वासक आहे. उलट बाजूस, यकृतास इजा झाल्याच्या काही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत, आणि २०२३ साली डेन्मार्कने या वनस्पतीवर बंदी घातली. ज्या द्रव्यात गुण आहे त्यात दोषही असू शकतो, ही गोष्ट नैसर्गिक या शब्दाआड झाकली जाणे मला घातक वाटते.

बार्शीची पेठ निजामाच्या मुलखातून येणाऱ्या मालावर वाढली आणि १८९७ साली येथे अरुंद रुळांची आगगाडी येताच तिला आणखी बरकत आली. पण शिवेवर फुकट उगवणाऱ्या या झुडपाचा तेथे कधी व्यापार झाला नाही. काष्ठौषधीच्या दुकानात नागोरी आस्कंद म्हणून जी मुळे मिळतात ती राजस्थान-माळव्याकडील लागवडीची, जाड आणि पिठूळ असतात. रानटी मूळ काटक, फाटेफुटीचे व अधिक कडू. पावसाळ्यात पेरून पाच-सहा महिन्यांत मुळे खणता येतात, पाणी थोडे पुरते, हलकी जमीन चालते, सबब आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याने बाजाराची चौकशी करून एखादा तुकडा या पिकास देऊन पाहावा असे मला मनापासून वाटते.

घेणाऱ्यांस विनंती इतकीच की शिवेवरचे झुडूप उपटून घरी काढा करू नये, आणि पाला तर मुळीच पोटात घेऊ नये. ग्रंथोक्त मात्रा मुळाच्या चूर्णाची, दिवसास तीन ते सहा ग्रॅम, कोमट दुधातून. गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. थायरॉइड किंवा यकृताचा विकार असणारांनी व झोपेच्या गोळ्या चालू असणारांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ते सुरू करू नये. आणि महिना उलटूनही ज्याची झोप परत आली नाही, त्याने आस्कंदाची पुडी बाजूस ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.