रिकॉल: कमांड लाइनवरून टाकायचं कसं आणि पूर्णपणे काढायचं कसं

फोनमधलं ॲप अनइन्स्टॉल केलं की त्याचा खासगी डेटाही सहसा त्याच्यासोबत जातो. लिनक्सवर मात्र सॉफ्टवेअर काढलं तरी त्याने तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेल्या फाइली तशाच राहतात. रिकॉलच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे.

रिकॉल म्हणजे काय?

हे कागदपत्रांच्या आतला मजकूर शोधणारं मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची ते तुमच्या फाइलींची बनवतं. तिला इंडेक्स म्हणतात. आमच्या सोनाळ्यात (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) एकाच लॅपटॉपवर सगळ्या घराची कागदपत्रं असणं नेहमीचंच: सातबारा, आठ-अ, पीक विम्याच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज. फाइलचं नाव आठवत नसेल तर आतल्या एका शब्दावरून ती सापडते.

इन्स्टॉल करणं (उबुंटू किंवा डेबियन)

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. रिकॉलचं स्पेलिंग आर-ई-सी-ओ-एल-एल.

1. आधी यादी ताजी करा: «सुडो एपीटी अपडेट».
2. मग «सुडो एपीटी इन्स्टॉल रिकॉलसीएमडी». हे फक्त कमांड लाइनचं पॅकेज आहे. खिडकीवालं रूपही हवं असेल तर नुसतं «रिकॉल» टाका.
3. पीडीएफ वाचता यावी म्हणून «पॉपलर-युटिल्स» हे पॅकेजही टाका.

रिकॉल मुळात पूर्ण होम फोल्डरची सूची करतं. तसं नको असेल तर होममध्ये «.रिकॉल» फोल्डर बनवा (सुरुवातीचा टिंब विसरू नका). त्यात «रिकॉल.कॉन्फ» फाइलमध्ये एकच ओळ लिहा: टी-ओ-पी-डी-आय-आर-एस, बरोबरचं चिन्ह, आणि हव्या त्या फोल्डरचा पत्ता. त्यानंतर «रिकॉलइंडेक्स» चालवा. शोधायला «रिकॉलक्यू» आणि पुढे शब्द.

मराठीत शोधताना

- «शेत» शोधल्यावर «शेतात», «शेताला» येतीलच असं नाही. शब्दापुढे तारांकन लावा आणि सगळं अवतरणचिन्हांत टाका.
- कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द तिथे जुळत नाही.
- स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसता फोटो. त्यातला मजकूर आधी ओसीआरने काढावा लागतो. टेसेरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरचं मराठीसाठी वेगळं पॅकेज मिळतं.

काढून टाकणं

1. «सुडो एपीटी पर्ज रिकॉलसीएमडी». «रिमूव्ह» प्रोग्रॅम काढतं, «पर्ज» त्याच्या सिस्टीममधल्या सेटिंगही काढतं.
2. तुम्ही «रिकॉल» हे पॅकेज टाकलं असेल तर ते फक्त वेष्टन आहे. ते काढलं तरी आतली पॅकेजं राहतात. त्यासाठी «सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह». वाय दाबण्याआधी समोर आलेली यादी वाचा.
3. आता खरं काम. होममधलं «.रिकॉल» फोल्डर पर्जनेही जात नाही. त्यातल्या इंडेक्समध्ये तुमच्या कागदपत्रांतले शब्द, अनेकदा पूर्ण मजकूरही, साठवलेला असतो. मूळ फाइल डिलीट केली आणि त्यानंतर सूची ताजी केली नाही, तर तिचा मजकूर इथे राहतो. लॅपटॉप विकताना किंवा दुसऱ्याला देताना आधार किंवा बँक खात्याचा नंबर असाच मागे राहू शकतो.

फोल्डर किती मोठं आहे ते «डीयू -एसएच ~/.रिकॉल» सांगेल. काढायला «आरएम -आर ~/.रिकॉल». इथे तिरकस रेघेच्या आधी चुकूनही स्पेस देऊ नका. स्पेस पडली की आज्ञेचा अर्थ «पूर्ण होम फोल्डर काढ» असा होतो, आणि आरएमने काढलेलं कचरापेटीत जात नाही. मी एंटर दाबण्याआधी ही ओळ नेहमी दोनदा वाचतो.

शेवटी «एलएस -ए ~» चालवा. यादीत «.रिकॉल» दिसलं नाही म्हणजे काम झालं. मूळ कागदपत्रांना यातलं काहीच हात लावत नाही, ती आपल्या जागी असतात. मात्र लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर ती वेगळी काढून घ्या.