आज्ञावलीची बाराखडी

गणकयंत्राचे नाव काढले की पुष्कळांना धाक वाटतो. हे प्रकांड गणितज्ञांचे काम, आपल्या मुलांचे नव्हे, असे पालक म्हणतात आणि मुलेही तसेच समजू लागतात. हा धाक अनाठायी आहे, असे आम्ही इतिहासाच्या आधारे सांगू इच्छितो.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर गावी डार्टमथ कॉलेज आहे. जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ हे तेथील गणिताचे प्राध्यापक. १९५० नंतरच्या दशकात कुर्ट्झ यांना भोके पाडलेल्या कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बॉस्टनकडे जावे लागे, कारण यंत्र तिकडे होते. अशा स्थितीत विद्यार्थ्यांच्या वाट्याला काय येणार? ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे यंत्रही प्रत्येक विद्यार्थ्याला खुले असले पाहिजे, असा या दोघांनी निश्चय केला. कॉलेजातील बहुसंख्य मुले विज्ञानाची नव्हती. पण पुढे कारभार त्यांच्याच हाती जायचा होता. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता ‘बेसिक’ या नव्या भाषेतील आज्ञावली प्रथम चालली. एकाच यंत्रावर अनेकांना आपापल्या टंकयंत्रावरून काम करण्याची सोय झाली. या व्यवस्थेचा पुष्कळ भाग विद्यार्थ्यांनीच रचला होता, हे विशेष होय.

या भाषेची बाराखडी चार गोष्टींत सांगता येते. पहिली गोष्ट क्रमाची. प्रत्येक ओळीला क्रमांक असे. बहुधा १०, २०, ३० असे देत, म्हणजे विसरलेली ओळ मध्ये घालता येई. दुसरी, नाव दिलेला खण. त्यात संख्या ठेवावी, हवी तेव्हा बदलावी. तिसरी, जर-तर : अट खरी ठरली तर एक वाट, नाही तर दुसरी. चौथी, फेरा. जपमाळ ओढणारा प्रत्येक मण्याला तेच नाम घेतो आणि मेरुमणी आला की थांबतो. फेऱ्याचे मर्म नेमके हेच. १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करावयाची तर एका खणात शून्य ठेवावे, फेऱ्यागणिक पुढची संख्या त्यात मिळवावी, आणि शंभराव्या फेऱ्यानंतर थांबावे. उत्तर ५०५० येते. थांबण्याची अट लिहावयाची राहिली, तर मात्र यंत्र बिचारे फिरतच राहील!

या भाषेवर टीकाही झाली. हॉलंडचे डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली तिने विद्यार्थ्यांना वाईट वळण लागते, असा कडक आक्षेप घेतला. एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उडी मारण्याची मोकळीक विचार विस्कळीत करते, हा दोष आम्हांसही मान्य आहे. पुढच्या भाषांनी तो पुष्कळसा दूर केला. परंतु बाराखडी गिरवताना अक्षर वाकडे आले म्हणून पाटीच हिरावून घेणे शहाणपणाचे नव्हे.

यंत्र आपल्या मनातले ओळखत नाही; सांगितले तेवढेच करते. म्हणून उत्तर चुकले की मुलाला आपलाच विचार पुन्हा तपासावा लागतो. ही सवय लागली तर ती जन्मभर उपयोगी पडेल, मग तो मुलगा पुढे वकील होवो की शेतकरी. केमेनी १९९२ मध्ये आणि कुर्ट्झ २०२४ मध्ये निवर्तले. ज्ञानाचे दार सर्वांना उघडे हवे, हा त्यांचा आग्रह आपल्या गावोगावच्या शाळांतून पुरा होणे अद्याप बाकी आहे.