पेण-रोह्यातील प्राथमिक शाळा आणि इंग्रजी : एक सिंहावलोकन

सुवर्णमहोत्सव हा जसा कृतार्थतेचा, तसाच सिंहावलोकनाचा प्रसंग होय. गेल्या पन्नास वर्षांत पेण आणि रोहा तालुक्यांतील घराघरांत जे प्रश्न पुनःपुन्हा चर्चिले गेले, त्यांत एक प्रश्न अग्रस्थानी आहे. मुलाला इंग्रजी केव्हा शिकवावे आणि कसे शिकवावे? पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जाऊ लागल्या, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८६ मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि पुढे तेथूनच कोकण रेल्वेचा मार्ग सुरू झाला. साहजिकच इंग्रजीची गरज दारापर्यंत येऊन पोहोचली. तथापि हा प्रश्न आजचा नसून त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

मुंबई इलाख्यात १८४० मध्ये शिक्षण मंडळ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, यावर त्या मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता, तर नाना शंकरशेट आणि गणिताचे ग्रंथ मराठीत आणणारे जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष हिरिरीने मांडला. नाना शंकरशेट हे इंग्रजीचे विरोधक मुळीच नव्हते. इंग्रजी विद्येचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी स्वतः अपार परिश्रम केले होते. परंतु सर्वसामान्य रयतेपर्यंत ज्ञान पोहोचावयाचे असेल तर ते तिच्याच भाषेतून पोहोचेल, अशी त्यांची धारणा होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि बहुजनांसाठी देशी भाषा, असा मेळ घातला.

यातूनच पुढे जुन्या पिढीला परिचित असलेली रचना रूढ झाली. मराठी चार इयत्ता पूर्ण केल्यावर मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हा त्या काळाचा आधार होता. व्याकरणाचा नियम, त्याखाली वाक्ये, त्यांचे भाषांतर, असा तो क्रम होता. या पद्धतीने वाचन आणि लेखन पक्के झाले, शुद्धलेखनाची शिस्त लागली. मात्र बोलणे मागे राहिले. उत्तम अर्ज लिहिणारा मनुष्य साहेबापुढे दोन वाक्ये बोलताना अडखळे, हे दृश्य त्या काळी सर्वत्र दिसत असे.

या भूमीतील तीन थोर पुरुषांचे शिक्षण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. बालपण आजोबांच्या सहवासात गागोद्यात गेले आणि पुढील शिक्षण बडोद्यास झाले. अनेक भाषा आत्मसात करणाऱ्या विनोबांच्याच प्रेरणेने, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, ‘समणसुत्तं’ हा प्राकृत गाथांचा सर्वमान्य ग्रंथ सिद्ध झाला. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळील नाते येथे झाला, परंतु त्यांचे बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे केंब्रिज, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत प्रथम क्रमांक आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद अशी त्यांची वाटचाल झाली. इंग्रजीत आत्मचरित्र लिहिणाऱ्या याच चिंतामणरावांनी मेघदूत मराठीत आणले. तिसरे पांडुरंगशास्त्री आठवले. १९२० मध्ये रोह्यात जन्मलेले शास्त्रीजी संस्कृत पाठशाळेच्या परंपरेत वाढले, मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात त्यांनी अखंड वाचन केले आणि १९५४ मध्ये जपानमधील जागतिक तत्त्वज्ञान परिषदेत भारतीय विचार मांडला. १९५८, १९५९ आणि १९९६ या वर्षी हे तिघेही अनुक्रमे मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी ठरले. तिघांच्या वाटा भिन्न होत्या. परंतु स्वभाषा आणि संस्कृत यांचा पाया पक्का असल्याने परभाषा त्यांना ओझे वाटली नाही, हे सूत्र समान आहे.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होऊ लागला. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीपर्यंत खाली आला. खेड्यातील आणि शहरातील मुलांमधील दरी वाढते आहे, हे जाणून तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनी जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्या वेळी या निर्णयावर बरीच टीका झाली. परंतु पहिल्या वर्षांत गाणी, गोष्टी, सूचना यांतून आधी ऐकणे व बोलणे आणि नंतर वाचन-लेखन, हा त्यामागील क्रम तर्खडकरी परंपरेची उणीव भरून काढणारा होता, हे नाकारता येणार नाही.

हा क्रम का आवश्यक, हे वर्गात बसल्यावर समजते. मराठीत बहुतांशी जसे लिहावे तसे वाचावे. इंग्रजीत मात्र ‘बट’ आणि ‘पुट’ या दोन्ही शब्दांत मधले अक्षर एकच, उच्चार वेगळे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. कानाला सवय नसताना केवळ अक्षरे गिरवून हे साधत नाही. त्यातही पेणच्या खारेपाटातील आगरी घरात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. कातकरी वाडीवरील बालकाची घरची बोली तर आणखी वेगळी असते. अशा मुलाला पुस्तकी मराठी हीच पहिली नवी भाषा, आणि इंग्रजी ही दुसरी. त्याच्या बोलीला हसणारी शाळा त्याला दोन्ही भाषांपासून तोडते, तर त्याच्या बोलीतून हात धरून नेणारा शिक्षक त्याला दोन्ही भाषा देतो.

आज अनेक पालक प्रसंगी कर्ज काढून इंग्रजी माध्यमाची वाट धरतात, आणि मराठी शाळांची पटसंख्या हा चिंतेचा विषय झाला आहे. पालकांची तळमळ खोटी नाही. परंतु इंग्रजी माध्यम आणि इंग्रजी भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरी कोणी इंग्रजी बोलत नसेल आणि शिक्षकालाही ती सहज बोलता येत नसेल, तर मूल धडा पाठ करते. त्याला अर्थ कळत नाही, आणि गणित, विज्ञानही त्याच अंधारात राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचेच माध्यम असावे, असे सुचविले आहे.

समाजातील दानशूर व्यक्ती आणि संस्था यांनी आजवर शाळांना इमारती दिल्या, वह्या-पुस्तके दिली. यापुढे मराठी शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाला उत्तम प्रशिक्षण, वर्गाला दोन्ही भाषांतील गोष्टींची पुस्तके आणि मुलांना निर्भयपणे चुका करीत बोलण्यासाठी रोज थोडा वेळ, एवढे लाभले तरी फार मोठे कार्य होईल. गागोदे आणि रोहा या गावांतील मुले जगापुढे बोलू शकली. आजच्या वाडीवस्तीवरील मुलालाही ती संधी मिळावी, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी मंगल कामना!