टाचणीचा हिशेब आणि न झालेले यंत्र

अभिकल्पक संगणकाच्या पडद्यावर यंत्राचा एक सुटा भाग रेखाटत आहे. आतील कोपऱ्याची गोलाई तो थोडी वाढवतो आणि बाजूच्या चौकटीतील किंमत तत्क्षणी खाली येते. छिद्र अधिक खोल करताच ती पुन्हा चढते. ही किंमत कोणी लेथवाला सांगत नाही. हजारो जुनी ड्रॉइंग आणि त्यांच्या नोंदवलेल्या किमती यांवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता ती सांगते. आजचा थ्रेड या चौकटीच्या पूर्वजांविषयी आहे. त्याची सुरुवात मात्र एका टाचणीपासून करावी लागेल.

१८३२ साली लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज यांचा यंत्रे आणि कारखानदारी यांच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. संगणकाचा आद्य कल्पक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी काही वर्षे हा गृहस्थ इंग्लंडमधील आणि युरोपातील कारखाने पाहत हिंडत होता, हे सहसा सांगितले जात नाही.

टाचण्यांच्या उद्योगातील श्रमविभागणीचे उदाहरण अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ सालीच प्रसिद्ध केले होते. बॅबेज यांनी त्याच टाचणीला किमतीचे कोष्टक जोडले. तार ओढणे, सरळ करणे, टोक काढणे, डोक्यासाठी तार पिळून कापणे, डोके बसवणे, कल्हई करणे, कागदात खोचणे या प्रत्येक कामाला लागणारा वेळ, ते करणारा पुरुष, स्त्री की मूल, आणि त्याची रोजची मजुरी, असे सारे त्यांनी मांडले. एक पौंड वजनात ५,५४६ टाचण्या बसत. त्यांना एकूण ७.६८९२ तास लागत आणि खर्च येई १२.८७३२ पेन्स. पेन्सचा दहाहजारावा भाग! हिशेबातील हा हट्ट पुढे लक्षात ठेवा.

या कोष्टकात एक क्रूर सत्यही आहे. सर्वाधिक वेळ, म्हणजे चार तास, टाचणीला डोके बसवण्यात जाई. ते काम स्त्रिया करीत आणि त्यांना दिवसाला १ शिलिंग ३ पेन्स मिळत. कल्हई करणाऱ्या पुरुषाला ६ शिलिंग मिळत, तर तार पिळणाऱ्या मुलाला साडेचार पेन्स. सर्व कामे येणाऱ्या एकाच कुशल माणसाकडून टाचण्या करून घेतल्या, तर स्त्रिया आणि मुले करू शकतील अशा कामालाही कुशल माणसाचा दर द्यावा लागेल. मग टाचणी सुमारे पावणेचार पट महाग पडेल, असे गणित त्यांनी केले. स्मिथ यांना श्रमविभागणीत वेग दिसला होता. बॅबेज यांना त्यात स्वस्त मजुरी दिसली. वस्तूची किंमत कमी करायची तर काम इतके बारीक तोडावे की त्याचा प्रत्येक तुकडा शक्य तितक्या कमी मोबदल्यात करून घेता येईल, हा विचार इथे प्रथमच इतक्या उघडपणे आकड्यांत उतरला.

लगेच पुढच्या प्रकरणात ते हाच नियम बुद्धीच्या कामाला लावतात. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी गणिती कोष्टके तयार करण्यासाठी माणसांचे तीन गट केले होते. वरचे मोजके गणिती सूत्रे निवडत. सर्वांत खालच्या गटातील ६० ते ८० जणांना बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसे काही येत नसे. बॅबेज यांचे ‘डिफरन्स इंजिन’ याच शेवटच्या गटाची जागा घेणार होते. टाचणीचा हिशेब आणि गणकयंत्र एकाच डोक्यातून, एकाच विचारातून निघाले होते.

त्याच ग्रंथात ते निरीक्षकाला एक इशाराही देतात. घड्याळ हातात घेऊन कामगारासमोर उभे राहाल, तर तो हमखास वेग वाढवील आणि तुमचा अंदाज चुकेल. त्याच्या नकळत मोजा. मागाचा आवाज तर इमारतीबाहेर उभे राहूनही मोजता येतो. आकडे कसे गोळा झाले, यावर त्यांचा अर्थ अवलंबून असतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आता दुसरे उदाहरण. हेन्री मॉडस्ले या नामांकित यंत्रकाराकडे नौदलाने जहाजांसाठी लोखंडी टाक्यांची मागणी केली. नमुन्याच्या टाकीला १,६८० छिद्रे होती आणि ती पाडायलाच ७ शिलिंग लागले. मॉडस्ले म्हणाले, २,००० टाक्यांचा ठेका द्या, म्हणजे खास हत्यारे घडवतो. ठेका मिळाला. छिद्रांचा खर्च ९ पेन्सवर आला आणि टाकीची किंमत १७ पौंडांवरून १५ पौंडांवर. एक वस्तू ‘करणे’ आणि तीच वस्तू संख्येने ‘उत्पादित करणे’ हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, हे बॅबेज यांनी या उदाहरणावरून समजावले. संख्येचा हा परिणाम पुढे १९३६ साली टी. पी. राइट यांनी विमानांच्या बाबतीत सूत्रात बसवला: उत्पादनाची संख्या दुप्पट झाली की प्रतिविमान सरासरी श्रम सुमारे ८० टक्क्यांवर येतात.

इतके सारे कळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या यंत्राचे काय झाले?

१८२३ साली ब्रिटिश सरकारने डिफरन्स इंजिनासाठी १,५०० पौंड दिले. काम दोन, फार तर तीन वर्षांत होईल असे बॅबेज यांना वाटत होते. अर्थमंत्र्यांशी झालेल्या बोलण्याची लेखी नोंदही कोणी ठेवली नाही. काम जोसेफ क्लेमेंट या असामान्य कारागिराकडे गेले. हे क्लेमेंट पूर्वी मॉडस्ले यांच्याकडेच आरेखक होते. संपूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. एकसारखे शेकडो भाग अचूकपणे घडवायचे, तर त्यासाठीची हत्यारेच आधी घडवावी लागत. १८३२ साली यंत्राचा एक लहानसा हिस्सा जोडून झाला आणि तो बिनचूक चालला. पुढच्याच वर्षी कार्यशाळा बॅबेज यांच्या घराजवळ हलवण्याच्या मोबदल्यावरून दोघांचे बिनसले आणि काम थांबले. १८४२ साली सरकारने हात झटकले, तोवर १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती.

याचा दोष बॅबेज यांच्या विक्षिप्त स्वभावाला देण्याची प्रथा आहे. मला ती आळशीपणाची वाटते. टाचण्या अब्जावधी झाल्या होत्या. त्यांचा प्रत्येक क्षण कोणाच्या तरी हाताखालून गेला होता, म्हणून तो मोजता आला. डिफरन्स इंजिन मात्र कोणीच केलेले नव्हते. तिथे चार दशांशस्थळांचा हट्ट काय कामाचा?

आजच्या चौकटीकडे परत येऊ. १९८० च्या दशकात बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांनी संगणकाला अभिकल्पकाची उलटतपासणी घ्यायला शिकवले: हा भाग इतरांच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्या पदार्थाचाच हवा का? जोडणीसाठी सुटा ठेवणे अटळ आहे का? तिन्हींना उत्तर ‘नाही’ असेल, तर तो भाग शेजारच्यात विलीन करता येईल का ते पाहा. ही बॅबेज यांचीच वाट, काम तोडून मोजण्याची. कृत्रिम बुद्धिमत्ता बहुधा दुसऱ्या वाटेने जाते. ती आकारमान, छिद्रांची खोली, भिंतींची जाडी, टॉलरन्स, नगसंख्या पाहते आणि पूर्वीच्या तशाच जॉबांना काय किंमत पडली त्यावरून अनुमान करते. नेहमीच्या ब्रॅकेटसाठी ते उपयुक्त ठरते. अभिनव आकार आला, की तिच्यासमोर टाचणी नसून डिफरन्स इंजिन असते, आणि आकडा तरीही तितक्याच आत्मविश्वासाने झळकतो.

शिवाय तिला शिकवलेली किंमत म्हणजे खर्च नव्हे. भोसरीतील किंवा सातपूरमधील एखादा लेथवाला मशीन रिकामे राहू नये म्हणून तोट्यातले कोटेशन देतो. नोंदीत तो आकडा सत्य म्हणून बसतो आणि पुढच्या वेळी त्याच्याच तोंडावर फेकला जातो. बॅबेज यांच्या कामगाराला निदान समोरचे घड्याळ दिसत होते.

क्लेमेंट यांच्या भांडणातला एक तपशील मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्या काळच्या व्यवसायरीतीप्रमाणे, कामासाठी घडवलेली हत्यारे कारागिराच्या मालकीची होत, पैसे कोणीही दिलेले असोत. ताटातूट झाली तेव्हा बॅबेज यांच्या वाट्याला आरेखने आणि सुटे भाग आले. पुढचे भाग ज्यांवर घडू शकले असते ती हत्यारे क्लेमेंट यांच्याकडे राहिली. आज जुन्या जॉबांच्या नोंदी हेच हत्यार आहे, आणि कोटेशन संकेतस्थळावर चढवताना त्या कोणाच्या होतात हे लेथवाल्याला सहसा कोणी सांगत नाही.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली बॅबेज यांच्या आराखड्यांवरून ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’चा गणनविभाग पूर्ण केला, आणि तो चालला. भाग आधुनिक यंत्रांवर घडवले, पण अचूकता एकोणिसाव्या शतकाला साधली असती तेवढीच ठेवली. हे काम अंगावर घेतलेली अभियांत्रिकी कंपनी मात्र ते चालू असतानाच दिवाळखोरीत गेली.