लहान गाडी

चोरखमाऱ्याला रेल्वे नाही. तलाव आहे, नागझिऱ्याचे जंगल आहे. पण आगगाडी पाहायची तर तिरोडा गाठावा लागतो. म्हणून लग्नकार्यासाठी पुण्याला जायचे ठरले तेव्हा आईने एक अट घातली. कोथरूडला लहान आगगाड्यांचे प्रदर्शन आहे, ते दाखवशील तर येते! तिचे वडील नैनपूरला सांधेवाले होते, एवढे सांगितले म्हणजे हा हट्ट वाचकांस उमगेल.

भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. खेळ सुरू झाला आणि समोरचे चिमुकले शहर जागे झाले. सिग्नल हलले, दिवे लागले, वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान परदेशी गाडीपर्यंत सारे धावू लागले. या खेळातली खुबी रुळांत असते. वीज रुळांतूनच वाहते, चाके ती उचलतात आणि इंजिनाच्या पोटातली मोटर फिरते. कोळसा नको, पाणी नको. मुले तर टाळ्या पिटीत होती.

आई मात्र वाकून काहीतरी शोधीत होती. "आपली गाडी कुठं आहे रे यात, बापू?"

तिला काय सांगावे? अशा खेळांत सत्त्याऐंशीस एक हे प्रमाण जगभर रूढ आहे. त्याचा रूळमार्ग साडेसोळा मिलिमीटर रुंद. म्हणजे खऱ्या जगातला १,४३५ मिलिमीटरचा, विलायतेतला. आपला मोठा रूळमार्ग १,६७६ चा आणि आईचा ७६२ चा. त्याच प्रमाणात तो उतरवला तर नऊ मिलिमीटरही भरणार नाही. करंगळीच्या नखाएवढा!

पण या नखाएवढ्या फरकाने आमच्या मुलुखाचा इतिहास घडविला आहे. मुंबईची मोठी गाडी १८६७ मध्ये नागपूरला आली. पुढे १८८० साली राजनांदगावपर्यंत रूळ पडले ते मीटरगेजचे, तिरोड्यावरून. छत्तीसगडचा तांदूळ मुंबईकडे निघाला, पण नागपूरला प्रत्येक पोते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उचलून टाकणे आले. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग घेऊन रुंद केला आणि नागपूरच्या हमालांचे ओझे हलके झाले. ते ओझे गोंदियाने घेतले असे म्हणावे लागेल. कारण १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला नेलेला मार्ग अरुंद होता. सातपुड्याच्या वळणांना तोच सोयीचा आणि खर्चालाही कमी. बालाघाटचे मँगनीज, जंगलातले लाकूड लहान गाडीने यायचे आणि गोंदियाला पाठीवरून मोठ्या गाडीत चढायचे. आजोळी जाताना ही धांदल मी लहानपणी पाहिली आहे. पाठीला घट्टे पडलेली माणसे कोणत्याही प्रदर्शनात मांडलेली नसतात. मांडणार तरी कशी?

नैनपूरची लहान गाडी २०१५ साली थांबली. शेवटच्या दिवसांत एकदा तिला त्या गाडीत बसवून आणायचे, असे मी आईला कबूल केले होते. पण तेव्हा माझ्या कादंबरीची मुद्रिते आली होती. "पुढल्या आठवड्यात जाऊ," म्हणालो. पुढल्या आठवड्यात सहामाही परीक्षा होती. आईने पुन्हा विचारले नाही आणि कोथरूडच्या त्या खोलीपर्यंत मलाही ते बोलवले नाही.

बाहेर आल्यावर मी तिला ते सारे सांगितले. आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते, म्हणशील तेव्हा नेतो, असेही म्हणालो.

"गोंदियाला डबा बदलावा नाही लागत?"

"नाही."

ती पायरीवर चप्पल शोधीत होती. ती सापडल्यावर म्हणाली, "मग ते हमाल काय करतात रे आता?"